क्षार म्हणजे नेमके कोणते? विहिरीच्या पाण्याचा टीडीएस आणि दुष्फेनता

‘आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार आहेत’ हे वाक्य आपण दोन अगदी वेगळ्या तक्रारींसाठी वापरतो. एकाचं पाणी मचूळ लागतं. दुसऱ्याचं चवीला छान असतं, पण साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही. दोघंही क्षारांना बोल लावतात, दोघंही टीडीएस मीटर विकत आणतात आणि दुसरा हमखास फसतो.

टीडीएस ही पाण्यात विरघळलेल्या झाडून सगळ्या घन पदार्थांची बेरीज. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, सगळे त्यात आले. दुष्फेनता मात्र मुख्यतः पहिल्या दोघांचीच करामत. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात, बादलीच्या कडेला चिकटणारा तो पांढुरका थर. ‘दुष्फेन’ हा शाळेच्या पुस्तकातला शब्द बोलताना कोणी वापरत नाही, आपण ‘जड पाणी’ म्हणतो. पण मला तो आवडतो, कारण नेमकं काय बिघडतं ते नावातच आहे.

घोळात भर घालतं ते एकक. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्येच येतात. त्यातून दुष्फेनता ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ लिहितात. ती फक्त हिशेबाची सोय: कॅल्शियमला २.५ ने, मॅग्नेशियमला ४.१ ने गुणायचं आणि बेरीज मांडायची. अहवालात कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम २० असेल, तर दुष्फेनता २८२ येते. १८० च्या पुढचं पाणी सर्रास ‘खूप दुष्फेन’ धरलं जातं, आणि या पाण्याचा टीडीएस तरीही ४५० च्या आसपास, म्हणजे चवीला उत्तम, असू शकतो. उलट सोडियमने भरलेलं पाणी १५०० टीडीएसचं, तोंडात धरवत नाही असं, पण साबणाला भरपूर फेस देणारं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६०० पेक्षा कमी टीडीएसचं पाणी चवीला सहसा चांगलं, १००० च्या पुढे ते नकोसं होत जातं. हे चवीचं बोलणं आहे. आरोग्यासाठी टीडीएसची किंवा दुष्फेनतेची मर्यादा त्यांनी ठरवलेली नाही.

आता त्या खिशातल्या मीटरकडे वळू. तो क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो, त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका आकड्याने गुणतो आणि टीडीएस म्हणून दाखवतो. पेलाभर पाण्यात मीटर बुडवा, आकडा लक्षात ठेवा आणि चमचाभर साखर ढवळा. आकडा जवळजवळ ढिम्म. मग चिमूटभर मीठ टाका, लगेच उडी. साखर विरघळली खरी, पण वीज वाहायला विद्युतभारित कण लागतात आणि ते तिच्यात नाहीत. बहुतेक कीटकनाशकांचंही तेच. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि मीटर पूर्ण आकड्यांखाली सहसा बोलतच नाही. जंतू तर विरघळलेले नसतातच. तेव्हा ‘टीडीएस २०० आहे, पाणी शुद्ध आहे’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर मान डोलवू नका. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि ई. कोलाय या तपासण्या प्रयोगशाळेतून वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. जंतूंसाठी बाटलीही त्यांच्याकडचीच निर्जंतुक हवी, घरची धुतलेली चालत नाही.

मीटर नसला तरी थोडा अंदाज बांधता येतो. काचेवर पाण्याचे थेंब वाळू द्या आणि पांढऱ्या डागावर साधं पाणी फिरवा. डाग झटकन विरघळला, तर तो बहुतेक मिठाच्या जातीचा. हलला नाही, तर त्यावर व्हिनेगर सोडा: बारीक बुडबुडे आले की कॅल्शियम कार्बोनेट. गीझरच्या कॉइलवर बसतं ते हेच. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं आणि पुटं चढतात.

दुष्फेनतेचा आकडा हवा असेल तर थेंबांचा किट बरा. पाण्यात आधी बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मग सूचक (रंग बदलून दाखवणारा) घालायचा, पाणी दुष्फेन असेल तर लाल वाइनसारखं होतं. मग ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणारं रसायन, थेंबाथेंबाने, थेंब मोजत. एका थेंबाला जांभळट छटा येते, पुढच्याला स्वच्छ निळं. तिथे थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकी दुष्फेनता जास्त.

माझ्या एका परिचितांनी दुष्फेनता घालवणारा सॉफ्टनर बसवला आणि संध्याकाळी तणतणत फोन केला: ‘टीडीएस आधी ५२० होता, आता ५१५. फसवलं मला!’ सॉफ्टनर फक्त अदलाबदल करतो: कॅल्शियम घेतो, सोडियम देतो. दर २० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी २३ मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणजे एकूण वजनात उलट किंचित भरच. (म्हणूनच मीठ कमी खायला सांगितलेल्यांसाठी पिण्याचा नळ वेगळा ठेवलेला बरा.) मीटरचा आकडा जागचा फारसा हलणार नव्हताच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नळाच्या पाण्यात सूचक टाकला, तर ईडीटीएची बाटली उघडायच्या आधीच पाणी निळं झालं होतं.