माणगाव ते लांजा: मुंबई-गोवा महामार्गाचे उरलेले तुकडे

गणपतीच्या दोन दिवस आधीची रात्र. माणगावच्या बाजारपेठेत आमची एसटी थांबली ती थांबलीच. पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली, मागच्या सीटवर कुणी डबा उघडून धपाटे वाटतंय, आणि दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी विचारतंय, "कशेडीला किती वाजतील?" चाकरमान्याला महामार्गाचं काम कुठवर आलं हे सांगायला अहवाल लागत नाही. गाडी कुठे अडते यावरून त्याला ते कळतं.

2025 च्या गणपतीतही गाडी अडायच्या जागा जवळपास त्याच होत्या: इंदापूर आणि माणगावची बाह्यवळणं, चिपळूणचा उड्डाणपूल, संगमेश्वर, पाली, लांजा. साडेचारशे किलोमीटरहून लांब रस्त्यातले हे तुकडे. नेमके हेच का राहिले, ते कळायला मागे जावं लागतं.

मुंबई-गोवा महामार्ग पूर्वीचा क्रमांक 17. 2010 मध्ये तो 66 झाला. दोन पदरी रस्ता, त्यात कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट आणि ब्रिटिशांच्या काळातले अरुंद पूल. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण रस्त्यावरची गर्दी वाढतच राहिली. अपघातही थांबले नाहीत. मार्च 2013 मध्ये खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खाजगी बस नदीत कोसळली आणि 37 जणांचा जीव गेला.

चौपदरीकरणाला आधी हात लागला तो उत्तरेकडे. पनवेलजवळचं पळस्पे ते इंदापूर हा रायगडातला 84 किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि 2011 मध्ये काम सुरू झालं. बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा असा करार, म्हणजे पैसा आधी ठेकेदाराने घालायचा. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या भागाला वनखात्याच्या परवानग्या लागत होत्या, जमिनी पूर्ण ताब्यात नव्हत्या, ठेकेदाराचा पैसा आटला. वर्षानुवर्षं खोदलेला रस्ता तसाच पडून राहिला.

इंदापूरच्या पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे गेलं. त्याचे दहा तुकडे करून वेगवेगळ्या ठेकेदारांना दिले. सिंधुदुर्गातलं काम झपाट्याने सरकलं, कणकवलीत उड्डाणपूल उभा राहिला. मधल्या रत्नागिरीत मात्र आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे सुमारे 90 किलोमीटर रखडले, ठेकेदार बदलावे लागले. म्हणून सगळ्यांच्या आधी सुरुवात झालेलं रायगड मागे राहिलं आणि नंतर सुरू झालेलं सिंधुदुर्ग पुढे गेलं. माझ्या मते या महामार्गाच्या दिरंगाईचं मूळ पावसात नाही, या तुकड्यांत आहे. एका तुकड्याचा ठेकेदार थांबला की त्याच्या पुढचा-मागचा चांगला रस्ताही निम्म्या उपयोगाचा राहतो.

जमिनीचा गुंता तर खास कोकणी. गुंठाभर जागेच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही वारलेली आणि वारस नोंद न झालेली. मोबदला द्यायचा कुणाला, इथेच फाईल अडते. शहरातून रस्ता न्यायचा तर दुकानं जातात, बाहेरून न्यायचा तर शेती जाते. माणगावसारख्या गावी बाह्यवळण शेवटपर्यंत लांबतं त्याच्या मुळाशी असलेच प्रश्न असतात.

आणि डोंगर. जांभ्याचे आणि मातीचे कडे उभे कापले की पावसाळ्यात ते खाली येतात. परशुराम घाटात दरडींच्या भीतीने 2022 च्या उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक बंद ठेवून काम करावं लागलं. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरच्या उड्डाणपुलाचा बांधकामातला भाग 16 ऑक्टोबर 2023 रोजी कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण आराखडाच बदलावा लागला.

याच मार्गावर दुसरंही एक उदाहरण आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि 1928 चा दगडी पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस, सोबत इतर वाहनं, अंधारात नदीत गेली. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात गाड्या शोधत होते, ते चित्र कोकणातला माणूस विसरलेला नाही. त्याच जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. त्याच कोकणात, त्याच सरकारी खात्यांनी, तशाच नदीवर.

कशेडीचा बोगदाही झाला. पोलादपूर आणि खेडच्या मधला घाट चढून उतरायला पाऊण तास लागायचा, आता दहा-बारा मिनिटं. सप्टेंबर 2023 मध्ये, गणपतीच्या आधी, एक बोगदा हलक्या वाहनांना एकाच दिशेने खुला केला होता, पुढे दुसराही झाला.

त्या रात्री आम्ही माणगावातून बाहेर पडलो तेव्हा दोन वाजले होते. कशेडीचा बोगदा कधी आला आणि गेला ते पोरांना कळलंही नाही. संगमेश्वरच्या अलीकडे उजाडलं, आणि गाडी पुन्हा थांबली.