कुकरची शिट्टी सहन होत नाही, मग ढोल कसा चालतो?

हा प्रश्न मला एका डॉक्टरांनी विचारला होता, आणि तोही अशा सुरात की बघा, पकडलं की नाही. मला ऑटिझम, म्हणजे जन्मापासूनच मेंदूची घडण जरा वेगळी असणं, आहे का हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले होते. मी त्यांना सांगत होते की कुकरची शिट्टी झाली की माझ्या दातांपर्यंत कळ जाते, लग्नाच्या हॉलमधे पंगत उठून स्टीलची ताटं आपटायला लागली की मला बाहेर पार्किंगमधे जाऊन उभं राहावं लागतं, नाशिकला द्वारकेच्या गजबजलेल्या चौकात गाडीवर मागे बसलेली असले की मी डोळे मिटून घेते, आणि बोलता बोलता हेही सांगून गेले की गेली सहा वर्षं मी ढोल पथकात आहे. नाशिक ढोल, कमरेला बांधून, गणपतीत सलग तीन तीन तास. डॉक्टर म्हणाले लग्न झालंय, मुलगी आहे, नोकरी आहे, वर ढोल वाजवता, मग ऑटिझम कसला, टेन्शन कमी घ्या. गोळ्या लिहून दिल्या, मी घरी आले.

तेव्हा मी ४१ वर्षांची होते. निदान झालं त्यानंतर वर्षभरानी, दुसरीकडे. आणि ढोलाचं उत्तर त्याच्याही नंतर, वाचता वाचता सापडलं. ते सांगायला म्हणूनच लिहायला बसलेय, कारण मोठेपणी ऑटिझम सापडतो तो का आणि इतक्या उशिरा का, याची बरीचशी गोष्ट त्या ढोलात आहे.

आपल्याला वाटतं आवाज आला की मग मेंदू कामाला लागतो. पण तो आधीच अंदाज बांधून तयार असतो. पंखा लावला की मिनिटभर त्याची घरघर ऐकू येते, मग येत नाही, पंखा तर फिरतच असतो, फक्त मेंदूने तो हिशोबात धरून बाजूला ठेवलेला असतो. अंदाजाबाहेर जे येईल त्याच्याकडेच तो नीट लक्ष देतो. आणि आवाज आपणच करत असू तर काम अजून सोपं होतं, हाताला हुकूम देतानाच त्याची एक प्रत कान आणि त्वचेचं बघणाऱ्या भागांकडे जाते की हे आपलंच आहे, घाबरू नका, आणि तिथली संवेदना आधीच मवाळ होते. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या यामुळेच.

२०१२ मधे एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर या दोघा संशोधकांनी असं मांडलं की ऑटिस्टिक मेंदू या आधीच्या अंदाजांवर कमी विसंबतो, त्यामुळे समोरचं जग जास्त कच्चं, जास्त जसंच्या तसं आत येतं. दोन वर्षांनी अमेरिकेत एमआयटीमधल्या पवन सिन्हांच्या गटाने त्याच दिशेने पुढे जाऊन म्हटलं की अडचणीचं मूळ पुढचं ताडण्यात असावं. हे सिद्धांत आहेत, यावर वाद चालू आहेत आणि सगळ्या ऑटिस्टिक माणसांना ते सारखे लागू पडत नाहीत, हे मुद्दाम सांगते. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताटावरून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, कधी होणार ते माहीत नसतं, आणि तेवढा वेळ माझं सगळं अंग तिचीच वाट बघत असतं. ढोलाचा ठेका मात्र कुठे पडणार ते मला तो पडायच्या आधी माहीत असतं, आणि टिपरू माझ्या स्वतःच्या हातात असतं!

अजून एक. पथकात माझी एक खोड सगळ्यांना माहीत आहे. ताशाने लय वाढवली की बाकीचे एका झटक्यात नव्या लयीत जातात आणि मी दोन आवर्तनं मागे राहते, मग बरोबर येते. गंगापूर रोडला आमचा सराव चालतो, तिथे यावरून मी भरपूर बोलणी खाल्लीत. २०२१ मधे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरलेल्या लयीत वाजणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीबरोबर बोटाने ताल धरायला सांगितला होता. ऑटिस्टिक मोठ्या माणसांच्या बोटाची हालचाल नीट होती, ताल कळतही होता, पण चूक झाली की ती पुढच्या ठोक्याला दुरुस्त करायचा वेग कमी होता. मेंदूतला जुना अंदाज हळू बदलत होता. मला ते वाचून रडू आलं, इतकी वर्षं मी ते आळशीपणात धरत होते.

आता घरची गोष्ट. आमचं घर पंचवटीत. माझी आई मिक्सर लावायच्या आधी नेहमी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मिक्सर लावते गं!" मग दोन क्षण थांबायची आणि मग बटण दाबायची. पाहुणे येणार असले की आदल्या रात्री सांगायची, चार जण आहेत, सहाला येतील, जेवून जातील, तुझ्या खोलीत कुणी झोपणार नाही. मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच करतात. तिने ऑटिझम हा शब्द आयुष्यात ऐकला नसेल, पण तिला मुलगी कळली होती, आणि तिने माझ्या भोवतीचं जग जरा आधी सांगून ठेवायची सवय लावून घेतली होती. शाळेचंही तसंच, तासांचं वेळापत्रक, ठरलेला बाक, परीक्षेचे दिवस. मी हुशार आणि शांत मुलगी म्हणून पास होत गेले. पुढे पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमधे लागले, ग्रेडिंगला. मणी १६ मिलिमीटरचा का १८ चा, देठ हिरवा आहे का, एखादा तडकलेला मणी घडात लपलाय का, हे मला लांबून दिसायचं. आत गारठा, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, हात चालू आणि बोलणं कमी. तिथली बारा वर्षं मी सुखात होते.

मग मला बढती दिली, माणसं सांभाळायची, शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, माल नाकारला तर त्यांना सांगायचं, रोज नवीन. आणि त्याच वर्षी आई गेली. चार महिन्यांत मी अशी झाले की दुपारी गाडीत बसून रडायचे, घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटायचा नाही, भाजी चिरताना हात थांबायचा. लोक म्हणाले हे काय नवीनच. नवीन काहीच नव्हतं, आधार गेले होते. २०१३ मधे अमेरिकन मानसोपचार संघटनेचं जे निदानपुस्तक आलं त्यात ही गोष्ट सरळ लिहिली आहे, लक्षणं लहानपणापासून असली पाहिजेत, पण समाजाच्या अपेक्षा माणसाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेली राहतील. आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतिरेकी त्रास होणं किंवा अगदीच कमी जाणवणं, हेही निकषांमधे त्याच पुस्तकात पहिल्यांदा आलं. त्याआधी माझी कुकरची तक्रार निकषात बसलीच नसती.

मी शाळेत गेले तो काळ बघा. १९४३ मधे बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यात ८ मुलगे आणि ३ मुली. त्याच्याही आधी, १९२५ मधे, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरांनी सहा मुलग्यांचं वर्णन केलं होतं आणि ते आजच्या निकषांशी आश्चर्य वाटावं इतकं जुळतं, पण त्यांचं नाव पुढे कितीतरी दशकं कुणी घेतलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगरांनी १९४४ मधे बोलकी, बुद्धीने बरी अशी मुलं मांडली, ते जर्मनमधे होतं, इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते नीट पोचलं १९८१ मधे लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांच्या लेखामुळे, आणि त्या अमेरिकन पुस्तकात अ‍ॅस्परगर या नावाचं निदान आलं १९९४ ला. तेव्हा मी सहावीत होते. माझ्या वर्गशिक्षिकांनी काय ओळखायचं होतं? नावच नव्हतं. २०११ मधे इंग्लंडमधल्या मोठ्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात शंभरात साधारण एक जण ऑटिस्टिक निघाला आणि वय वाढलं म्हणून प्रमाण कमी होत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. तेच प्रमाण इथे धरलं तर पंधरा हजारांच्या आसपास माणसं होतात, आणि त्यातली किती जणं आज सातपूरला, सिडकोत, नाशिकरोडला माझ्यासारखीच स्वतःला आळशी नाहीतर तिरसट समजत बसली असतील.

बायकांचं निदान तर जास्तच हुकतं, कारण आपल्याला लहानपणापासून वळण लावलं जातं आणि झाकणं त्या वळणातच शिकून होतं. याला मास्किंग म्हणतात. माझ्यापुरतं सांगते, फोनवर कुणी "बाकी काय?" म्हटलं की मी खरोखर विचार करायला लागायचे की काय बाकी राहिलं. कॉलेजात असताना कधीतरी लक्षात आलं की याचं उत्तर "बाकी निवांत" असं असतं, मग ते पाठ केलं. हळदीकुंकवाला गेलं की कुणाच्या साडीबद्दल काय बोलायचं, किती वेळ बघायचं, कुठे हसायचं, हे मी मावशीकडे बघून उचललं होतं आणि जायच्या आधी आरशासमोर करून बघायचे. लंडनमधल्या संशोधकांनी हे झाकणं मोजायला २५ प्रश्नांची एक चाचणी केली आहे, आणि जितकं जास्त झाकलं जातं तितकी चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं असं त्यांना दिसलं. दिसायला सगळं छान असतं, आतून माणूस संपत असतो.

निदानाचं थोडक्यात सांगते. इंटरनेटवर एक्यू नावाची ५० प्रश्नांची चाचणी सगळे देतात, ती २००१ मधे केंब्रिजमधे बनली, तिच्यात ३२ किंवा जास्त आले म्हणजे ऑटिझम असं नाही, पुढे तपासून घ्या एवढंच. खरं निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, लहानपणाची माहिती घेतात, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती), लोकांची भीती या गोष्टी वेगळ्या काढतात किंवा बरोबरीने आहेत का बघतात. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. आपल्याकडे ४० मुद्द्यांचं एक भारतीय मोजमापही आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, पण कायद्यातले बरेचसे लाभ दिव्यांगत्व ४० टक्के आणि त्यापुढे असलेल्यांना मिळतात, माझ्यासारख्यांना बहुधा ते मिळत नाहीत, आणि ज्यांना आयुष्यभर रोज कुणाच्या तरी मदतीचा हात लागतो त्यांच्या आधी ते मला मिळावेत असं मला वाटतही नाही. ती माणसंही ऑटिस्टिकच, त्यांचं ओझं माझ्याहून कितीतरी जड आहे.

मला लहानपणीचं सांगायला आई नव्हती, म्हणून वडील आले. ७४ वय, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. डॉक्टर माझ्याबद्दल विचारत होते आणि ते मधेच म्हणाले, "अहो हे तर सगळं माझंही असंच आहे." कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. ऑटिझम घराण्यातून येतो हे तसं जुनंच आहे. १९७७ मधे सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर या संशोधकांनी जोडीतल्या किमान एकाला ऑटिझम असलेल्या २१ जुळ्या जोड्या तपासल्या होत्या, एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांमधे दोघांना ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या १० मधे एकाही जोडीत नाही. त्याआधी आयांना दोष द्यायचे, आई थंड म्हणून मूल असं झालं म्हणायचे, कितीतरी बायकांनी ते मुकाट्याने सोसलं. २०१९ मधे पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा ज्यावरून उठली तो १२ मुलांवरचा लेख तर छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मधे मागे घेतला.

आपल्याकडे ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि मला हा शब्द पटत नाही. स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, मला बाजूच्या ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते. माणसांशी जमत नाही हेही पूर्ण खरं नाही. २०२० मधे एडिंबरातल्या एका प्रयोगात आठ आठ जणांच्या साखळीत कानगोष्टीसारखी एक गोष्ट पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच चांगली पोचली, आणि दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तिथे भराभर गळत गेली. डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ पासून हेच सांगतायत की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मी आणि वडील आता रोज संध्याकाळी घाटावर रामकुंडापर्यंत जातो, जाताना येताना मिळून पंधरा वाक्यं बोलत असू, दोघांनाही पुरतं.

नोकरीत मी बढती परत केली, ग्रेडिंगला परत गेले, पगार कमी झाला. घरी मुलीला सगळं सांगितलं, ती चौदा वर्षांची आहे, तिने ऐकून घेतलं आणि फोनमधे डोकं घातलं, मला वाटलं काही पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "आई, मिक्सर लावतेय!"

पथकातही सांगितलं, यावर्षीच्या सरावाला, घाबरत घाबरत. आमचा ताशावाला एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. तो म्हणाला ताई एवढंच ना, आणि आता लय वाढवायच्या आधीच्या आवर्तनाला तो एक काडी डोक्यावर धरतो. मी त्याच्याकडेच बघत असते. परवा पहिल्यांदा मी सगळ्यांच्या बरोबर नव्या लयीत गेले.