कागदी टोपी (ओरिगामी)

एका सपाट कागदाला केवळ घड्या घालून केलेली, डोक्यावर घालता येणारी टोपी. अशा टोपीला डिंक लागत नाही. कात्री लागलीच तर कागद चौरस करण्यापुरती. ओरिगामी शिकू लागलेल्याला पक्षी किंवा बेडूक यांच्या आधी टोपी जमते, कारण तिच्या घड्या मोठ्या आणि मोजक्या असतात आणि एखाद्या मिलिमीटरची चूक खपून जाते. अडते ते मापाशी. कागदाचा पक्षी लहानमोठा झाला तरी काही बिघडत नाही. टोपी मात्र कानांवर उतरली किंवा टाळूवर तरंगत राहिली की फुकट गेली. त्यामुळे या नोंदीत घड्यांइतकीच जागा मापाला दिली आहे.

परंपरा

जपानमध्ये घडीची टोपी म्हणजे मुख्यतः काबुतो, अर्थात सामुराई योद्ध्याचे शिरस्त्राण. ५ मे रोजी मुलग्यांचा सण साजरा करण्याची तिथली रीत जुनी आहे. १९४८च्या कायद्याने हाच दिवस ‘बालदिन’ म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा ठरला. त्या दिवसांत बालवाड्यांमध्ये आणि घरोघरी वर्तमानपत्राचे काबुतो होतात. टोपीच्या समोर बाहेर झुकलेली दोन शिंगे म्हणजे खऱ्या शिरस्त्राणावरील ‘कुवागाता’ या धातूच्या शिंगांची नक्कल होय.

युरोप-अमेरिकेत कागदी टोपी कारागिरांच्या डोक्यावर होती. छपाईयंत्रावर काम करणारे लोक केसांत शाई आणि कागदाची धूळ जाऊ नये म्हणून छापखान्यातल्याच कागदाची चौकोनी टोपी करून घालत. दिवस संपला की ती रद्दीत जाई. सुतारांमध्येही ही टोपी होती. जॉन टेनिएल या इंग्रज चित्रकाराने १८७१मध्ये एका बालपुस्तकासाठी काढलेला सुतार अशीच चौकोनी टोपी घालून बसला आहे. बालशिक्षणात कागदाच्या घड्यांना मान मिळवून दिला तो फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या आकृत्यांच्या खुणा, म्हणजे तुटक रेषा आणि बाण, प्रामुख्याने आकिरा योशिझावा (१९११–२००५) या जपानी ओरिगामी कलाकाराने रूढ केल्या.

महाराष्ट्रात वर्तमानपत्राची त्रिकोणी टोपी करणे आणि तीच उलगडून, पुन्हा दुमडून होडी करणे हा पावसाळी सुट्टीतला जुना उद्योग आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा जो प्रसार केला, त्यात रद्दीच्या कागदालाही मोठे स्थान आहे.

कागद

सरावासाठी ओरिगामीचा १५ सेंमीचा तयार चौरस उत्तम. त्याची टोपी बाहुलीला येते, पण हाताला क्रम बसतो. डोक्यावरच्या टोपीसाठी मोठा कागद हवा, आणि मोठ्या आकारात पातळ कागद ढेपाळतो.

वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅमचा असतो. तो सहज दुमडतो, फुकट मिळतो, चुकला तरी हळहळ वाटत नाही. मात्र घामाने मऊ पडतो आणि शाई कपाळाला लागते. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद टोपीसाठी सर्वांत भरवशाचा. तो घडी धरतो आणि फाटतही नाही. झेरॉक्सचा ७०–८० ग्रॅमचा कागद चांगला, पण ए-फोर आकारातून जास्तीत जास्त २१ सेंमीचा चौरस निघतो, म्हणजे पुन्हा बाहुलीच. चार्ट पेपर (साधारण ५६ × ७१ सेंमी) मापाला पुरतो, परंतु चार-पाच थर एकत्र आले की त्याची घडी फुगते आणि कडेला रंग उडून पांढरी रेघ उमटते. चकचकीत भेटकागदाची टोपी फोटोपुरती ठीक. तिच्या घड्या घसरून आपोआप उघडतात.

यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला असतात. छपाईवाले त्याला ‘ग्रेन’ म्हणतात. कागद न मोडता आधी उभा, मग आडवा वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या दिशेची घडी सरळ आणि साफ येते. टोपीच्या कडेची लांब घडी शक्यतो या दिशेत घ्यावी.

सुरुवातीच्या घड्या

टोपीसाठी तीन गोष्टी पुरतात. पहिली दरी-घडी: कागद आपल्याकडे दुमडायचा, आकृतीत ती नुसत्या तुटक रेषेने दाखवतात. दुसरी डोंगर-घडी: कागद मागे दुमडायचा, तिची रेषा तुटक-ठिपक्यांची. तिसरी म्हणजे खिशात टोक खोचणे. यातूनच टोपीला कुलूप बसते.

घडी घालताना कोपरा कोपऱ्यावर आणून एका हाताने घट्ट धरावा, मग दुसऱ्या हाताने मधून बाहेरच्या दिशेने दाबत जावे. कडेकडून दाबायला सुरुवात केली की मध्ये फुगवटा साठतो आणि शेवटी सुरकुती पडते. मोठा कागद मांडीवर कधीही दुमडू नये. फरशी किंवा टेबल हवे. पक्की घडी नखाने, पट्टीने किंवा चमच्याच्या पाठीने घासावी. वर्तमानपत्रावर मात्र नख वापरू नये, तळहात पुरे.

आयताचा चौरस करण्यासाठी एक कोपरा तिरका दुमडून आखूड बाजू लांब बाजूवर तंतोतंत बसवावी. उरलेली पट्टी कापावी. वर्तमानपत्राचे जोडपान ६६ × ५४ सेंमी भरले, तर ५४चा चौरस आणि १२ सेंमी रुंदीची पट्टी मिळते. पट्टी टाकू नये, पुढे उपयोगी पडते.

माप

काबुतो डोक्यावर घालण्याआधी सपाट ठेवला की तो एक त्रिकोणी खिसा असतो. त्याच्या तोंडाची रुंदी मूळ चौरसाच्या बाजूच्या ०.७ पट येते. घेर म्हणजे रुंदीची दुप्पट, असे धरून नवशिका ५६ सेंमीच्या डोक्यासाठी ४० सेंमीचा चौरस घेतो, आणि टोपी टाळूवर बसते. कारण खिसा वर निमुळता होत जातो. दर सेंमी उंचीला त्याची रुंदी २ सेंमीने घटते. डोके तोंडाशी अडकत नाही, आत काही अंतर शिरल्यावर अडकते. म्हणून हिशेब असा:

चौरसाची बाजू = (डोक्याचा घेर ÷ २ + २ × खोली) ÷ ०.७

घेर भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फीत फिरवून घ्यावा. खोली म्हणजे डोके जिथे अडकते तिथून टोपीची कड जितकी खाली हवी तितके अंतर. मुलांसाठी ४, मोठ्यांसाठी ५ सेंमी धरावे. ५२ सेंमीच्या घेराला ४८–४९ सेंमीचा चौरस लागतो आणि ५६ सेंमीच्या घेराला सुमारे ५४चा. वर्तमानपत्राच्या जोडपानातून निघणारा चौरस मोठ्या माणसाला बरोबर बसतो, तो असा. लहान मुलासाठी त्याच चौरसाच्या दोन लगतच्या बाजू ५-६ सेंमीने कमी कराव्यात.

काबुतो

कागदाची रंगीत बाजू खाली ठेवून सुरुवात केली, तर टोपी आणि शिंगे रंगीत होतात. पुढची पट्टी आणि तिच्यावरचा त्रिकोण आतल्या बाजूच्या रंगाचे दिसतात. पुढील आकडे ४८ सेंमीच्या चौरसाचे आहेत.

चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. घडीची लांब बाजू वर, सुटी टोके खाली. डावा आणि उजवा कोपरा खालच्या टोकापर्यंत आणावा. उभा समभुज चौकोन तयार होतो. याच घडीवर टोपीची सममिती ठरते, तेव्हा दोन्ही पाखे मध्यरेषेवर एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नये. आता हे दोन्ही पाखे आडव्या मध्यरेषेवर वर दुमडून त्यांची टोके शेंड्याशी न्यावीत. मग प्रत्येक टोक तिरके बाहेर दुमडावे, इतके की ते टोपीच्या कडेबाहेर २-३ सेंमी डोकावेल. ही शिंगे झाली. डावे शिंग आधी पक्के करून उजवे त्याच्याशी जुळवण्यापेक्षा दोन्ही सैल दुमडून, लांबून पाहून मग दाबणे चांगले.

खाली आता दोन सुटे थर उरतात. फक्त वरचा थर घ्यावा. मध्यरेषेच्या ३ सेंमी खाली घडी घालून त्याचे टोक वर न्यावे, ते शिंगांच्या मध्ये येते. उरलेली ३ सेंमीची पट्टी मध्यरेषेवर पुन्हा वर दुमडावी. मागचा थर दोन प्रकारे संपवता येतो: मागे वर दुमडून सोडून द्यायचा, किंवा टोपीच्या आत खोचायचा. आत खोचलेला बरा. कड दुहेरी होते, टोपी ताठ राहते आणि मागून कागद लोंबत नाही.

त्रिकोणी टोपी

हिला चौरस लागत नाही, म्हणून ती सर्वांना येते. वर्तमानपत्राचे एकच पान (३३ × ५४ सेंमी) आडवे मध्यावर दुमडावे. घडी वर ठेवून दोन्ही वरचे कोपरे मध्यरेषेवर आणावेत. खाली उरलेल्या १०-११ सेंमीच्या दोन पट्ट्या, एक पुढे आणि एक मागे, वर दुमडाव्यात. दोनदा दुमडल्या तर कड अधिक घट्ट. तोंडाची रुंदी ३३ सेंमी, म्हणजे ४ सेंमी खोलीला ५० सेंमीचे डोके मावते. बालवाडीच्या मुलाचे माप. हौसेने पूर्ण जोडपान घेतले की तोंड ५४ सेंमी रुंद होते आणि टोपी थेट नाकावर येते.

छापखान्याची चौकोनी टोपी

जोडपान मधल्या घडीवर बंद करावे आणि घडी वर ठेवावी: रुंदी ५४, उंची ३३. दोन्ही कोपरे मध्यावर आणले की खाली ६ सेंमीच्या पट्ट्या उरतात. पुढची पट्टी अर्धी वर दुमडून पुन्हा एकदा वर दुमडावी. ३ सेंमीची कड तयार होते. टोपी उलटी करावी. आता या टोपीची खरी सोय: दोन्ही बाजू आत दुमडायच्या, मधली रुंदी डोक्याच्या घेराच्या निम्मी अधिक १ सेंमी राहील अशा. घेर ५६ असेल तर रुंदी २९, म्हणजे प्रत्येक बाजूने साडेबारा सेंमी आत. डोक्यावर धरून पाहता येते आणि चुकले तर इथेच बदलता येते. वरच्या दोन टोप्यांत ही मुभा नाही.

खाली लोंबणाऱ्या मागच्या पट्टीचे कोपरे किंचित आत वळवून ती वर घ्यावी आणि कडेच्या खिशात खोचावी. शेंडा खाली दुमडून त्याचे टोकही त्याच खिशात घालावे. इथे थांबले तर सुमारे १४ सेंमी उंचीची, सरळ माथ्याची, सपाट घडी होणारी टोपी हाती येते. ती गांधी टोपीच्या बरीच जवळ जाते. पुढे जायचे असेल तर आत हात घालून पुढची-मागची कड विरुद्ध दिशांना ओढावी आणि माथा चपटा करावा. दोन बाजूंना दोन त्रिकोणी कान येतात. ते बाजूंवर खाली दुमडून कडेत खोचावेत. कानाचे टोक जवळजवळ कडेच्या तळापर्यंत पोचते, त्यामुळे घट्ट बसते. मग चारही उभ्या धारा चिमटीत धरून काढाव्यात. साधारण साडेचौदा सेंमी बाजूचा माथा आणि ७ सेंमी उंची, अशी पेटीसारखी टोपी होते.

बिघाड आणि उपाय

टोपी एका कानाकडे झुकली तर दोष बहुधा शिंगांत नसून मूळ चौरसात असतो. दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. त्यांत ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नव्याने कापावे. शेंड्याला भोक पडते ते अनेक घड्या एकाच बिंदूत मिळतात म्हणून. कागद जाड असेल तर पाखे दुमडताना मध्यरेषेशी एक-दीड मिलिमीटर फट ठेवावी. कड कानाजवळ फाटते, कारण सपाट खिसा गोल डोक्यावर उघडताना सगळा ताण त्या दोन कोपऱ्यांवर येतो. घालण्याआधी आत मुठी घालून टोपी हळूहळू रुंद करावी, डोक्यावर ओढून रुंद करू नये. उरलेली १२ सेंमीची पट्टी तिहेरी दुमडून कपाळाच्या बाजूने आत सरकवली की घाम ती शोषते, शाई लागत नाही आणि सैल टोपीही जरा आवळते.

जाड कागदाची टोपी टिकाऊ करायची तर योशिझावांची ओली घडी उपयोगी पडते. कागद ओल्या फडक्याने नुसता दमट करायचा, चमक दिसली तर पाणी जास्त झाले. घड्या घालून टोपी उपड्या पातेल्यावर बसवायची, कडेला कपड्यांचे चिमटे लावायचे आणि पूर्ण वाळू द्यायची. कागदातली खळ पुन्हा घट्ट होते आणि आलेली गोलाई टिकते. वर्तमानपत्रात अशी खळ नसल्यासारखीच, त्यामुळे ओले केल्यास ते फाटते. त्याऐवजी दोन पाने एकावर एक ठेवून एकत्र दुमडावीत.