निळा रंग स्वस्त झाला तेव्हा

अजिंठ्याच्या भिंतींवरचे बहुतेक रंग आसपासच्या डोंगरांतलेच: गेरू, पिवळी माती, हिरवट दगड, चुना. काळ्यासाठी दिव्याची काजळी. निळा तेवढा दूरवरून आलेला. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि त्या दगडाच्या प्राचीन खाणी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांत आहेत. तिथलाच दगड युरोपातही जाई. तो नुसता कुटला तर पूड राखाडी निघते. ती मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळून राखेच्या क्षारपाण्यात दाबत राहावे लागे, मग निळे कण हळूहळू तळाशी बसत. एवढ्या खटाटोपाचा रंग सोन्याच्या तोलाचा होता. म्हणून इटलीत तो बहुधा येशूची आई मेरी हिच्या वस्त्रासाठी राखला जाई, आणि कोणत्या प्रतीचा वापरायचा हे चित्रकाराशी होणाऱ्या करारातही लिहिले जाई.

ही कोंडी रसायनशास्त्राने फोडली, तीही आधी अपघाताने. १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कोचिनील किड्यांपासून लाल रंग तयार करत होता. त्यासाठी घेतलेल्या पोटॅश या क्षारात प्राणिज द्रव्याचा अंश मिसळला होता. लालऐवजी गडद निळा साका खाली बसला. लोह आणि सायनाइड यांचे हे संयुग म्हणजे प्रशियन ब्लू.

जपानी ठसेचित्रांत तोवर नीळ किंवा फुलांपासून काढलेला निळा वापरत. फुलांचा रंग तर उजेडाने उडून जाई. १८३०च्या आसपास प्रशियन ब्लू तिथे स्वस्तात मिळू लागला आणि होकुसाई या चित्रकाराने फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत तो मनसोक्त वापरला. आकाशात वरून खाली विरत जाणारी ती छटा, त्याच मालिकेतल्या प्रसिद्ध उसळत्या लाटेचा तो गडदपणा या रंगाशिवाय तसा साधला नसता. जपानी कलेची ओळख ठरलेल्या त्या लाटेचा रंग मुळात बर्लिनमध्ये सापडलेला आहे, हे मला त्या चित्राइतकेच विलक्षण वाटते.

लाजवर्दी रंगाला पर्याय मात्र ठरवून शोधला गेला. फ्रान्समध्ये एका उद्योगसंस्थेने १८२४ साली त्यासाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस लावले. १८२८ मध्ये ते जाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत तापवून केलेला हा रंग इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुडीत तोच आला.

१८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबून बंद करता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत; एकदा टोचली की पिशवी नीट बंद होत नसे. नव्या नळ्या आणि कोबाल्टसारखे नवे निळे घेऊन मोने, रन्वार हे फ्रेंच चित्रकार उघड्यावर बसून रंगवू लागले. त्यांच्या बर्फातल्या निळ्या सावल्यांवर नजरेइतकाच या सामानाचाही हक्क आहे.

हा शोध अजून थांबलेला नाही. २००९ मध्ये ओरेगॉन स्टेट विद्यापीठात, मूळ चेन्नईच्या मास सुब्रमणियन यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवे पदार्थ तपासले जात होते. इट्रियम, इंडियम आणि मँगनीजची ऑक्साइडे तापवल्यावर भट्टीतून लख्ख निळी पूड निघाली. ती उन्हात विटत नाही. इंडियम दुर्मीळ असल्याने तिची किंमत मात्र चढी आहे.