रजेतली बाळंतीण आणि कलम १८ : पार्श्वभूमी

मार्च एंडिंग, परीक्षांचे पेपर तपासणे, नाहीतर औषधांच्या कारखान्यातले ऑडिट. बडोद्यात प्रसूती रजेवरच्या बाईला कामावरून फोन जातो तो बहुधा अशाच एखाद्या कारणाने. ‘दोन तास येऊन जा, तुझ्यावाचून अडलंय.’ हुकूम नसतो, गळ असते, म्हणून कुठे कागद होत नाही. बाईलाही रजा संपल्यावर त्याच खुर्चीवर बसायचे असते. बाळ सासूबाईंच्या ओटीत देऊन ती मकरपुऱ्याला किंवा सयाजीगंजला जाते. दोन तासांचे चार होतात, आणि घरी परतेपर्यंत छाती दगडासारखी झालेली असते.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत, हजेरी आणि दूध. प्रसूती लाभ कायद्याने हजेरीचा विचार एका कलमात केला आणि दुधाचा दुसऱ्या. दोन्ही कलमे एकमेकांची दखल घेत नाहीत. असे का झाले हे कळायला थोडे मागे जावे लागते, पण फार नाही.

गिरण्यांच्या काळात प्रश्न निराळा होता. बाई रीलिंग-वाइंडिंगच्या खात्यात तरी असे, नाहीतर घरी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या एका डॉक्टर बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे दिसले. बाळगोळी दिली की मूल आई परत येईपर्यंत निपचित पडून राही. त्याआधी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीविषयी करार केला होता. पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात रोज दोनदा अर्धा-अर्धा तास द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. भारताने त्या कराराला मान्यता दिली नाही, पुढच्या सुधारित करारांनाही नाही.

मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये चर्चा झाली, तेव्हा एका सदस्याने मांडले की हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे खरे, पण बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचलावा. कायदा झाला तो दिवसाला आठ आण्यांचा आणि सगळा मालकाच्या खिशातून. बडोदे संस्थान मुंबई इलाख्याच्या बाहेर, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. १९०४ चा बालविवाह प्रतिबंध आणि १९०६ चे सक्तीचे शिक्षण यांचा अभिमान इथल्या मराठी घरांत अजून सांगितला जातो, आणि तो रास्तच आहे. पण गिरणीतल्या बाळंतिणीच्या कायद्याचे मूळ मुंबईचे. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, अकरा वर्षांनी गुजरात झाला, आणि पुढच्याच वर्षी सगळ्या देशासाठी एक कायदा आला.

तोच प्रसूती लाभ अधिनियम, १९६१. नोव्हेंबर २०२५ पर्यंत हाच लागू होता. बारा आठवड्यांची भरपगारी रजा, दोनदा पाजण्याची सुटी, रजेत कामावरून काढायला बंदी, हे सगळ्यांना माहीत असते. ज्याची वाच्यता होत नाही ते कलम १८.

ते एकाच वाक्याचे आहे. मालकाने गैरहजर राहायला परवानगी दिल्यानंतर, त्या मंजूर काळात बाईने कोणत्याही आस्थापनेत काम केले, तर त्या काळाच्या प्रसूती लाभावरचा तिचा हक्क जातो. त्याच्या जोडीला कलम ६ वाचायला हवे. रजेची नोटीस देताना बाई लिहून देते की लाभ घेत असेन तोवर मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. म्हणजे ‘दोन तास येऊन जा’ म्हणणारा साहेब तिला तिच्याच सहीचा शब्द मोडायला सांगत असतो. बहुतेक साहेबांना हे ठाऊक नसते. बाईला तर नसतेच, कारण फॉर्म छापील असतो.

या कलमाचा रोख कुणावर होता? ‘कोणत्याही आस्थापनेत’ या शब्दांवरून वाटते की एका गिरणीचा लाभ घेऊन बाई दुसऱ्या गिरणीत बदली कामगार म्हणून जाईल, ही शंका मसुदा करणाऱ्यांच्या मनात असावी. दुहेरी कमाई थांबवणे हा हेतू धरला तर कलम समजते. पण त्या शब्दांत बाईची स्वतःची कचेरीही येते. ज्याने रजा मंजूर केली त्यानेच बोलावले, तरी लाभ जातो तो बाईचा. बोलावणाऱ्याचे काय, यावर हे कलम गप्प आहे.

याउलट कलम ४ पाहा. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत मालकाने जाणूनबुजून बाईला कामावर लावायचे नाही आणि बाईनेही काम करायचे नाही. बंधन दोघांवर सारखे. सातव्या आठवड्यापासून मालक मोकळा होतो आणि बाई एकटी अडकते. माझ्या मते सगळ्या कायद्यात सगळ्यात लंगडी जागा हीच. कलमाची बाजू घेणारे सांगतात की त्यामुळे बाईला ‘आले तर माझा पगार जाईल’ असे सांगून नकार देता येतो. कागदावर हे बरोबर आहे. कायम न झालेल्या बाईने प्रोबेशनवर असताना ते तोंडाने म्हणून दाखवावे.

पुढचा गुंता ‘त्या काळाच्या’ या शब्दांचा. काम केले तेवढ्याच दिवसांचा लाभ जातो, की ज्या मंजूर रजेत काम केले ती सगळीच? पहिला अर्थ पटणारा आहे. असे कायदे लाभ घेणाऱ्याच्या बाजूने वाचायचे, ही न्यायालयांची जुनी रीत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की लाभाचे आठवडे मोजताना रविवार धरायचे का. मळ्यावर काम करणाऱ्या एका बाईच्या त्या प्रकरणात न्यायालयाने आठवडा सात दिवसांचाच मोजला. कारण देताना म्हटले की या लाभाने बाईचे नुसते पोट भरणे पुरेसे नाही, तिची झिजलेली ताकद भरून यावी आणि बाळाला पाजता यावे, हाही हेतू आहे. हा हेतू धरला तर चार तासांच्या हजेरीसाठी चार महिन्यांचा लाभ काढून घेणे बसत नाही. तरीही पहिल्या अर्थातसुद्धा एक प्रश्न उरतो. दोन तासांसाठी आलेल्या बाईचा दिवस पूर्ण धरायचा का? कलमात तासांचा उल्लेख नाही. ते लिहिले गेले तेव्हा काम पाळीने मोजले जाई, फोनवर किंवा लॅपटॉपवर काम करता येत नसे. घरून पाठवलेली एक्सेल शीट म्हणजे ‘आस्थापनेत काम’ का, याला १९६१ च्या वाक्यात उत्तर सापडणे कठीण.

कर्मचारी राज्य विमा योजनेखालच्या (ईएसआय) बायकांसाठी शब्द जरा बरे आहेत. मोबदला घेऊन काम केले नाही त्या दिवसांचा लाभ, अशी तिथली रचना आहे. दिवस मोजले जातात आणि मोबदला पाहिला जातो. ब्रिटनने २००७ पासून आणखी सरळ वाट काढली. प्रसूती रजेत दहा दिवसांपर्यंत कामावर येता येते, रजा किंवा भत्ता त्याने जात नाही, आणि दोघांची संमती लागते. मालकाला जबरदस्ती करता येत नाही, बाईला नकाराची शिक्षा होत नाही. आपल्याकडे अशी तरतूद नाही. त्यामुळे जे घडते ते तोंडी घडते.

आता दूध. कलम ११ म्हणते की प्रसूतीनंतर कामावर परतलेल्या बाईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोन सुट्या पाजण्यासाठी द्याव्यात. सुटी किती वेळाची हे नियमांवर सोडले. १९६३ च्या केंद्रीय नियमांत, जे खाणी आणि सर्कशींसाठी होते, ती पंधरा मिनिटांची आहे. मूल ठेवलेल्या जागी जाण्यायेण्यासाठी वर किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटे. १९१९ च्या अर्ध्या तासाचा असा निम्मा झाला. हा हिशेब पाळणाघर आवारात आहे असे धरून केलेला. मूल कारेलीबागेत आजीपाशी आणि आई मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, तर पंधरा मिनिटांत रिक्षा एक फेरीही पुरी करत नाही.

आणि रजेत बोलावलेली बाई ‘कामावर परतलेली’ का? ती म्हणाली की मला पाजायला सुटी द्या, तर तिने कामावर असल्याचे कबूल केले, आणि कलम १८ लागू झाले. नाही म्हणाली, तर सुटी कशाची? दोन कलमांमधली ही फट मुद्दाम ठेवली गेली असे नाही. अशी बाई मसुद्यात नव्हतीच, एवढेच.

शरीराला हे बारकावे कळत नाहीत. दोन-अडीच महिन्यांचे बाळ दोन-तीन तासांनी पिते. जेवढे प्यायले जाते तेवढे तयार होते. पाजणे चुकले की आधी छाती भरून दुखते, गाठी होतात, कधी ताप चढतो, आणि वारंवार चुकले तर दूध कमी होते. काढून ठेवायचे म्हटले तर साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. मार्च एंडिंगला बडोद्यातली दुपार पंचवीस अंश कुठे पाहते? मग स्टीलच्या डब्यात बर्फ, डब्यात बाटली, आणि ती बाटली कचेरीच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी ताकाच्या पिशवीशेजारी. काढायला जागा मागितली तर रेकॉर्ड रूमची किल्ली मिळते, किंवा बाथरूम दाखवतात.

मराठी घरांत आणखी एक अडचण असते. पहिले बाळंतपण माहेरी. सून पुण्याला किंवा नाशिकला, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खात, आणि नोकरी बडोद्याला. ‘एक दिवस ये’ म्हणजे रात्रभराचा प्रवास, बाळाला घेऊन, किंवा बाळाशिवाय. दुसरे अशक्यच असते. घरच्यांचा सल्ला अशा वेळी ठरलेला असतो. डब्याचे दूध लाव, सुटशील. बडोद्यापासून तासाभरावरच्या आणंदला १९५५ मध्ये दुधाच्या भुकटीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे म्हशीच्या दुधापासून बाळान्न बनू लागले, तेव्हापासून या भागातल्या फडताळांत तो डबा आहे. बाळान्नाच्या विक्रीविषयीचा १९८१ चा जागतिक संकेत आणि १९९२ चा आपला कायदा यांनी त्याच्या जाहिराती थांबवल्या. आजीचा सल्ला कुठल्या कायद्यात बसत नाही.

सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नाही, ही शिफारस जागतिक पातळीवर २००१ मध्ये पक्की झाली. त्याआधी चार ते सहा महिने म्हणत. तेव्हा आपली रजा बारा आठवड्यांची, म्हणजे शिफारशीच्या निम्मी. केंद्र सरकारी बायकांना १९९७ नंतर १३५ दिवस आणि २००८ पासून १८० मिळू लागले. त्याच वर्षी ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही आली. खासगी नोकरीतली बाई नऊ वर्षे मागे राहिली. १ एप्रिल २०१७ पासून तिची रजा सव्वीस आठवड्यांची झाली.

सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, शिफारशीला बरोबर पुरतात, असे भाषणांत सांगितले गेले. पण यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. पाय सुजले, रक्तदाब वाढला म्हणून ज्या बाईने ते घेतले, तिच्याकडे बाळासाठी अठराच उरतात, म्हणजे चार महिने. तिसऱ्या मुलासाठी तर एकूण बाराच. पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या जागी पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार फेऱ्या मिळाल्या, विश्रांतीची वेळ धरून. इथे एक शहाणपण झाले. कारखाना कायद्यात पाळणाघरासाठी स्त्री कामगारांची संख्या मोजत, आधी पन्नासांहून अधिक, १९७६ नंतर तिसांहून. बायकाच कमी ठेवल्या की प्रश्न मिटे. २०१७ मध्ये पुरुषही मोजले गेले.

घरून काम करण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीतली, पण ती रजा भोगून झाल्यानंतरची, आणि दोघांच्या सहमतीवर. ती रजेतल्या कामाला लावता येत नाही. बडोद्यात मात्र अनेकदा तशीच लावली जाते. ‘आता घरून करायची सोय कायद्यानेच दिलीय ना?’ दिली आहे, सव्वीस आठवडे संपल्यावर.

विम्याखाली नसलेल्या बाईच्या सव्वीस आठवड्यांचा पगार सगळा मालकाचाच. १९२८ मध्ये मांडलेल्या मुद्द्यातला सरकारचा वाटा अजून कागदावरही नीट आलेला नाही, आणि भरपगारी रजेवरच्या बाईला ‘जरा येऊन जा’ म्हणण्यामागचे गणित बरेचसे इथले आहे. पोळ्यांची कामे करणाऱ्या बाया या हिशेबात नाहीतच. त्यांना २०१७ च्या मातृवंदना योजनेतले पाच हजार हप्त्यांनी, तेही कागद जुळले तर, आणि दुसऱ्या महिन्यात पोळपाटापाशी उभे राहणे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पाजण्याच्या सुट्या आता कलम ६६ मध्ये, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंतच. सुटी किती मिनिटांची, हे पुन्हा नियमांवरच सोडले आहे. जुने कलम १८ तिथे कलम ७० झाले, ‘कोणत्याही आस्थापनेत’ आणि ‘त्या काळाच्या’ या शब्दांसकट.