शब्दावर चालणारी स्क्रिप्ट आणि रेकॉर्ड केलेला मॅक्रो: फरक नेमका कुठे आहे?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवरून दिवाणजींचा फोन आला. "सर, काल चालत होतं की ओ. आज बटण सोडून भलतीकडंच क्लिक करालंय."

जाऊन बघितलं, तर त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बिल भरून झालं की ते सेव्ह करून प्रिंटला पाठवणारा मॅक्रो, म्हणजे एकदा करून दाखवलेलं काम आपोआप पुन्हा करणारी सोय, त्यांनी माऊस फिरवून रेकॉर्ड करून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी मालकांना अक्षरं बारीक दिसायला लागली म्हणून त्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल १०० टक्क्यांवरून १२५ टक्क्यांवर नेलं. त्यामुळे पडद्यावरची सगळी बटणं जागची हलली. मॅक्रो मात्र जुन्याच ठिकाणी जाऊन क्लिक करत राहिला, आणि आता त्या ठिकाणी 'डिलीट' आलं होतं. तीन बिलं पुसली गेली. सौद्याच्या पट्ट्या हाताशी होत्या म्हणून ती पुन्हा भरता आली.

त्याच कॉम्प्युटरवर दुसरी एक सोय बिनतक्रार चालू होती. अर्धविरामाचं चिन्ह देऊन पुढे दोन इंग्रजी अक्षरं टाइप केली की गुजरातच्या एका व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि २४ने सुरू होणारा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आपोआप उमटायचा. दिवाणजी दोन्हींना 'मॅक्रो'च म्हणत होते. बहुतेक ऑफिसांत असंच म्हणतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी रेकॉर्डिंग. रेकॉर्डर तुमचा हात बघतो. पॉइंटर डावीकडून किती पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) आणि वरून किती पिक्सेलवर होता, तिथे क्लिक केलं, मग किती वेळ थांबलात, एवढंच साधा रेकॉर्डर टिपून ठेवतो. तिथे 'सेव्ह' लिहिलेलं बटण होतं हे त्याच्या गावीही नसतं. त्या दिवशी सॉफ्टवेअर दोन सेकंदांत उघडलं असेल, तर तो कायम दोनच सेकंद थांबणार. पुढे कधी मशीन रेंगाळलं, तर खिडकी उघडायच्या आधीच क्लिक होऊन जाणार. (एक्सेलचा 'रेकॉर्ड मॅक्रो' यातला नव्हे. तो माऊसचा प्रवास न टिपता सेलचे पत्ते आणि आज्ञा लिहून ठेवतो, त्यामुळे स्केल बदललं तरी त्याचं काही बिघडत नाही. त्याची खोड वेगळी आहे: 'रिलेटिव्ह रेफरन्स' (आत्ता जिथे आहात त्या सेलपासून मोजायची सोय) चालू न करता रेकॉर्ड केलं, तर तो दर वेळी त्याच ठरावीक सेलवर जातो.)

आता शब्दावर चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे काय करायचं ते लिहून ठेवलेली सूचनांची फाइल. विंडोजवर यासाठी ऑटोहॉटकी हे फुकट आणि मुक्त-स्रोत साधन २००३पासून आहे. त्याची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये पक्की झाली. त्यात या प्रकाराला 'हॉटस्ट्रिंग' म्हणतात. लिहायची पद्धत अशी: दोन कोलन, तुमचा शब्द, पुन्हा दोन कोलन, आणि पुढे हवा तो मजकूर. एका ओळीत काम झालं. स्क्रिप्ट मागे बसून कळांवर लक्ष ठेवते. तो शब्द पुरा होऊन स्पेस, एंटर किंवा विरामचिन्ह आलं की ती बॅकस्पेस मारून शब्द खोडते आणि पुढचा मजकूर टाकते. मजकुराच्या जागी आज्ञाही देता येतात: अमुक खिडकी पुढे आण, अमुक फाइल उघड.

इथेच लोकांची गल्लत होते. शब्द टाइप करणं ही काम सुरू करायची पद्धत आहे. रेकॉर्डिंग ही काम सांगायची पद्धत आहे. शब्द टाइप केल्यावर रेकॉर्ड केलेले क्लिक सुटतील, अशीही जोडणी करता येते. म्हणून 'शब्दावर चालतंय म्हणजे भरवशाचं' असं धरून चालू नका. शब्दामागे काय लिहिलंय ते बघा. पिक्सेल लिहिले असतील तर ते स्केल बदललं की घसरणारच.

दिवाणजींची बिलाची सोय आम्ही नव्याने लिहिली. शब्द टाइप केला की स्क्रिप्ट बिलिंगची खिडकी तिच्या शीर्षकावरून शोधते. तीन सेकंदांत सापडली नाही, तर 'बिल उघडं नाही' असा निरोप देऊन तिथेच थांबते. सापडली तर ती पुढे आणते, खरंच पुढे आली का हे पुन्हा तपासते, आणि मगच सॉफ्टवेअरचा स्वतःचा सेव्हचा शॉर्टकट दाबते. यात माऊस कुठेच नाही. तपासून थांबायची ती ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. पैशाच्या कामात चुकीच्या जागी धडाधड चालण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली कधीही बरी.

पहिल्या दिवशी मात्र काहीच उमटेना. कारण बिलिंग सॉफ्टवेअर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून, म्हणजे वाढीव हक्क देऊन, उघडलेलं होतं आणि स्क्रिप्ट साध्या हक्कांवर चालत होती. साध्या हक्कांच्या प्रोग्रॅमला विंडोज वरच्या हक्कांच्या खिडकीत कळा पाठवू देत नाही. सॉफ्टवेअरला त्या हक्कांची गरजच नव्हती. ते साधं उघडलं आणि काम झालं.

शब्दांचीही पथ्यं आहेत. 'बिल' हा साधा शब्द ठेवलात, तर मेलमध्ये बिल लिहिलं तरी स्क्रिप्ट सुटेल. म्हणून शब्दाच्या आधी अर्धविराम जोडायचा, किंवा ती फक्त बिलिंगच्या खिडकीतच चालेल अशी अट घालायची. नाव, टॅब, जीएसटी क्रमांक, टॅब अशी साखळी लिहिली असेल, तर सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये एक रकाना वाढला की सगळं एक घर सरकतं; त्यामुळे अपडेटनंतरचं पहिलं बिल डोळ्यांखालून घालायचंच. मराठी मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) सेव्ह करा, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो. आणि पासवर्ड त्यात कधीही लिहू नका. ती साधी मजकुराची फाइल असते, कोणीही उघडून वाचू शकतं.

मग रेकॉर्डिंग टाकाऊ आहे का? मुळीच नाही. जुन्या प्रोग्रॅममधल्या दोनशे नोंदी आजच्या आज दुसरीकडे न्यायच्या आहेत, शॉर्टकट नाहीत, आणि तुम्ही समोर बसून बघणार आहात, तर रेकॉर्ड करा, काम उरका आणि ते पुसून टाका.

निघण्याआधी मी स्केल पुन्हा १०० टक्के केलं, खिडकी ओढून कोपऱ्यात नेली आणि दिवाणजींना शब्द टाकायला सांगितलं. बिल सेव्ह झालं. मग १२५ टक्के करून तेच. पुन्हा झालं. मालकांचं स्केल १२५वरच ठेवलं.