काकडीची फळकूज

काकडीच्या फळावर वेलीवर असताना किंवा तोडणीनंतर पडणारी कूज. खानदेशात या सगळ्याला 'काकडी सडली' एवढेच म्हणतात. प्रत्यक्षात हे एक दुखणे नसून चार-पाच वेगळे रोग आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

ओळख बुरशीच्या रूपावरून होते. पिथियम या बुरशीमुळे फळ पाणचट होऊन त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी वाढते. फायटोफ्थोरात पिठी भुरभुरल्यासारखा थर दिसतो. रायझोक्टोनियाची कूज मातीला टेकलेल्या पोटाकडून सुरू होते. तिथे पिवळसर-तपकिरी, खरबरीत, खोलगट चट्टे पडतात. कोअनेफोरा सुकलेल्या फुलातून शिरते आणि फळाच्या टोकावर टाचणीच्या डोक्यांसारखे काळे ठिपके असलेली लव येते. फळमाशीने टोचलेल्या छिद्रातून जिवाणू शिरून होणारी मऊ, घाण वासाची कूज वेगळीच. तिथे बुरशीनाशक फवारून हाती काही लागत नाही. त्यासाठी नर फळमाशीला ओढून घेणारे क्यू-ल्यूर सापळे लावावेत आणि टोचलेली फळे गोळा करून नष्ट करावीत.

तापी-गिरणा खोऱ्यातील काळी जमीन पाणी धरून ठेवते. त्यामुळे पावसाळी काकडीत जमिनीवर लोळणाऱ्या वेलींचे नुकसान अधिक होते. गादीवाफा, ठिबक, प्लॅस्टिक आच्छादन आणि तारेवर चढवलेला वेल यांनी फळ ओल्या मातीपासून दूर राहते. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. पाट पाणी देऊन नंतर औषध शोधण्यात अर्थ नाही.

फेरपालटातही एक मेख आहे. फायटोफ्थोरा कॅप्सिसी ही जात मिरचीच्या शास्त्रीय नावावरूनच (कॅप्सिकम) ओळखली जाते आणि ती वांगी, टोमॅटोवरही येते. त्यामुळे नंदुरबारकडच्या मिरचीनंतर किंवा जळगावच्या भरिताच्या वांग्यांनंतर त्याच रानात काकडी लावणे जोखमीचे. मध्ये ज्वारी-बाजरी घ्यावी.

लागवडीपूर्वी शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) जमिनीत मिसळतात. मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक पिथियम व फायटोफ्थोरावर चालते, रायझोक्टोनियावर नाही. काकडी कच्ची खाल्ली जाते आणि तोडणी दर एक-दोन दिवसांनी होते, म्हणून लेबलवरचे पीक आणि प्रतीक्षाकाळ (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) दोन्ही पाहूनच फवारणी करावी. कुजकी फळे बांधावर टाकू नयेत, खोल पुरावीत. तोडणी वेलीवरचा ओलावा सुकल्यावर करावी. पोत्यात एक सडके फळ गेले तरी बाजारात पोहोचेपर्यंत शेजारची फळेही पाणी सोडू लागतात.